नोकरी एकाची, काळजी साऱ्या घराची

गेल्या महिन्यात सत्त्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ भेटायला आले. टपाल खात्यातून निवृत्त, शिस्तीचे, रोज पहाटे फिरायला जाणारे. त्यांची तक्रार एवढीच होती की औषधे वेळच्या वेळी घेऊनही रक्तदाब उतरत नाही आणि रात्री दोनच्या सुमारास जाग येते, ती पहाटेपर्यंत. डॉक्टरांनी त्यांना विचारले होते, ‘‘घरी काही काळजी आहे का?’’ त्यांनी ‘नाही’ म्हणून सांगितले होते. मी तोच प्रश्न निराळ्या रीतीने विचारला, ‘‘रात्री दोनला जाग येते, तेव्हा घरात आणखी कोणी जागे असते का?’’

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘मुलगा असतो. गॅलरीत उभा असतो. मी जागा आहे हे त्याला माहीत नाही, आणि तो जागा आहे हे मला माहीत आहे, हेही त्याला माहीत नाही.’’

मुलगा एकोणपन्नास वर्षांचा. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात अठरा वर्षे नोकरी. व्यवस्थापन बदलले, नवे साहेब आले, त्यांच्याबरोबर त्यांची माणसे आली. कोणाची नावे ‘यादीत’ आहेत याची कुजबुज सुरू झाली. ज्या बैठकांना तो पूर्वी बसत असे, तिथले बोलावणे बंद झाले. त्याने केलेल्या कामाचा अहवाल दुसऱ्याच्या नावाने वर गेला. घरी मात्र तो म्हणे, ‘‘सगळं ठीक आहे.’’ वडिलांचा रक्तदाब वाढू नये म्हणून मुलगा बोलत नव्हता आणि मुलाला कमीपणा वाटू नये म्हणून वडील विचारत नव्हते. एकमेकांना जपण्याच्या या धडपडीत दोघांचीही झोप गेली होती.

वाचकहो, ही हकीकत त्या कुटुंबाच्या संमतीने आणि ओळख पुसून लिहीत आहे. हे सदर मुख्यतः ज्येष्ठांसाठी व त्यांची काळजी वाहणाऱ्यांसाठी आहे. तेव्हा नोकरीच्या अस्थिरतेचा विषय येथे कशाला, असे कोणी विचारील. परंतु ज्याच्या खांद्यावर घरातील वृद्धांची औषधे, तपासण्या आणि विमा उभा आहे, त्याचाच पाय कार्यालयात घसरू लागला, तर तो हादरा प्रथम वृद्धांच्याच खोलीत पोहोचतो.

टांगती तलवार अधिक जाचते

नोकरी जाण्याइतकीच, किंबहुना काही वेळा त्याहून अधिक, ती जाईल की काय ही धास्ती माणसाला पोखरते. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘व्हाइटहॉल’ या नावाने ओळखला जाणारा दीर्घ अभ्यास १९८५ साली सुरू झाला. त्यात सुमारे दहा हजार कर्मचारी होते. त्यांपैकी एका खात्याचे खासगीकरण होणार असे जाहीर झाले. प्रत्यक्ष बदल होण्यापूर्वीच, केवळ ‘आपले काय होणार’ या प्रतीक्षेच्या काळात, त्या खात्यातील कर्मचाऱ्यांची, विशेषतः पुरुषांची, प्रकृती इतरांच्या तुलनेत ढासळल्याचे संशोधकांना आढळले.

याचे कारण शरीराच्या रचनेतच आहे. संकट समोर दिसले की शरीर सज्ज होते. हृदयाची गती वाढते, रक्तदाब चढतो, रक्तातील साखर वाढते. संकट टळले की सारे पूर्ववत होते. परंतु जे संकट येतही नाही आणि जातही नाही, त्याच्यासाठी शरीर महिनोन्‌महिने कंबर कसून उभेच राहते. मग झोप मोडते, पित्त खवळते, मान-पाठ धरते आणि मधुमेह असलेल्याची साखर आवरेनाशी होते. घरातील वृद्धांना कोणी काही सांगितले नाही, तरी ताटावरची शांतता त्यांना कळते आणि त्यांचे शरीरही तसेच सज्ज होऊन बसते.

राजकारणात काय आपल्या हातात असते?

कार्यालयातील राजकारण हा शब्द आपण सैलपणे वापरतो. मतभेद असणे, एखाद्याची बढती आधी होणे, हे राजकारण नव्हे. माहिती दडवणे, श्रेय लाटणे, पाठीमागे कान भरणे आणि माणसाला हळूहळू एकटे पाडणे, हे त्याचे खरे रूप. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली मांडलेला एक विचार येथे उपयोगी पडतो. कामाचा भार मोठा आणि त्यावरील स्वतःचा ताबा कमी, ही जोडी माणसाला सर्वाधिक थकवते. म्हणून उपाय शोधताना, ‘माझ्या ताब्यात काय उरले आहे?’ हा प्रश्न प्रथम विचारावा.

त्या मुलाशी बोलताना आम्ही एका वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढली. एका बाजूला प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टी तारखेसह, दुसऱ्या बाजूला नुसत्या ऐकीव गोष्टी. ऐकीव बाजू तिप्पट लांब झाली. ते पाहून तो स्वतःच हसला. त्यानंतर त्याने चार गोष्टी ठरवल्या. तोंडी सोपवलेल्या कामाची नोंद त्याच दिवशी साध्या, सौम्य शब्दांत लेखी पाठवायची. चहाच्या टपरीवर अफवांच्या चर्चेत भर घालायची नाही. रागाच्या भरात रात्री कोणत्याही पत्राला उत्तर द्यायचे नाही. आणि राजीनाम्याचा किंवा अन्य कोणताही कागद पुढे आला, तर ‘वाचून उद्या सांगतो’ एवढेच म्हणून त्याची प्रत मागायची. यांनी राजकारण थांबत नाही. परंतु माणसाचे पाय जमिनीला टेकतात.

बदलाची तयारी पगार चालू असतानाच

या मुलाच्या मनात काही वर्षे एक इच्छा होती. कारखान्यात नव्याने येणाऱ्या मुलांना मोजमाप आणि तपासणी शिकवताना त्याला जो आनंद होई, तो अन्य कशात होत नसे. तंत्रशिक्षण देण्याच्या क्षेत्रात जावे, असे त्याला वाटे. पण ‘या वयात?’ हा प्रश्न आड येई.

व्यवसाय बदलण्याचा विचार अपमानातून जन्मला असेल, तर तो थोडा थंड होऊ द्यावा. कशापासून पळायचे आहे हे लगेच कळते; कशाकडे जायचे आहे हे कळायला वेळ लागतो. त्याने राजीनामा दिला नाही. एका प्रशिक्षण संस्थेत रविवारी दोन तास शिकवण्याचे काम घेतले. आधी कारखान्याच्या नियमांत ते बसते का, हे तपासून. पहिले दोन महिने मानधन जाण्यायेण्याच्या खर्चापुरतेच होते. परंतु आठवड्यातून दोन तास त्याला कोणीतरी ‘सर’ म्हणत होते, आणि उरलेले सहा दिवस सोसायला ते पुरत होते.

हिशेबही मांडला गेला. किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा, आणि घरात वृद्ध असल्यास त्यात औषधे, तपासण्या, मदतनीस बाईंचा पगार धरायलाच हवा. हे आकडे घरातल्या ज्येष्ठांसमोर मोकळेपणाने मांडावेत. त्यांना ओझे वाटेल म्हणून लपवू नयेत. सलग पाच वर्षे नोकरी झालेल्यास नोकरी सोडतानाही उपदान मिळते. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता यांना पंधराने गुणून सव्वीसने भागायचे आणि आलेल्या रकमेला सेवेच्या वर्षांनी गुणायचे. ४०,००० रुपये वेतन आणि १८ वर्षे सेवा असेल, तर ही रक्कम सुमारे ४ लाख १५ हजार रुपये होते. अंधारात दिसणारा खड्डा मोजला की पुष्कळदा उथळ निघतो.

विम्याकडे आधी पाहा

ज्येष्ठांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब ही. अनेक घरांत आईवडिलांचा आरोग्यविमा मुलाच्या किंवा मुलीच्या कंपनीच्या सामूहिक विम्यातून असतो. नोकरी सुटली की ते छत्र जाते. म्हणून नोकरी चालू असतानाच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक योजनेत जाता येईल का, आणि जुनी वर्षे धरली जातील का, याची लेखी चौकशी करावी. २०२४ पासून पासष्ट वर्षांपुढील व्यक्तीसही नवा आरोग्यविमा घेता येतो, आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ कमाल तीन वर्षांवर आला आहे. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळू शकते. त्यासाठीचे कार्ड आजारपण येण्यापूर्वीच काढून ठेवावे. आमच्या टपाल खात्यातील गृहस्थांनी ते काढले नव्हते. ‘‘मुलाचा विमा आहे ना,’’ असे ते म्हणत.

ज्येष्ठांनी काय द्यावे?

ते मला म्हणाले होते, ‘‘माझ्या ठेवी मोडून त्याला देतो. निदान त्याची झोप तरी येईल.’’ त्यामागची माया मी समजू शकते. तरीही मी त्यांना आवरले. वृद्धापकाळाची शिल्लक आणि राहते घर हे मुलाच्या नव्या वाटचालीसाठी पणाला लावू नये. ती शिल्लक संपली, तर मुलाच्या डोक्यावर दोन ओझी येतात. द्यायचेच असेल, तर निवृत्तिवेतनातून महिन्याच्या एखाद्या ठरावीक खर्चाची जबाबदारी घ्यावी. वीज, दूध किंवा किराणा. आणि देता येण्यासारखी आणखी एक गोष्ट ज्येष्ठांपाशी असते. ती म्हणजे त्यांनी पाहिलेले वाईट दिवस, उपदेश न करता सांगितलेले.

त्यांनी ते एका रविवारी सांगितले. १९८२ साली ते लालबागच्या चाळीत थोरल्या भावासह राहत. भाऊ गिरणीत होता. १८ जानेवारीला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतील कित्येकांना पुन्हा काम मिळालेच नाही. पुढच्या वर्षी भावाने घरी सांगितले, बदली कामगार म्हणून परत घेतले आहे. रोज सकाळी डबा घेऊन तो निघे आणि संध्याकाळी परते. एकदा टपाल खात्याच्या कामासाठी भायखळ्याला गेलेल्या या धाकट्याने त्याला राणीच्या बागेत बाकावर बसलेला पाहिला. डबा मांडीवर, न उघडलेला. ते तसेच मागे फिरले.

‘‘मी त्याला कधी विचारलं नाही,’’ ते मुलाला म्हणाले, ‘‘त्याला लाज वाटेल म्हणून. तो गेला तरी ते आमच्या दोघांत तसंच राहिलं. तुला मी विचारतो. तू गॅलरीत काय करतोस?’’

मुलगा म्हणाला, ‘‘म्हणून काका रोज शेंगांची पुडी आणायचे?’’ आणि मग तो बोलू लागला.

घरात वडीलधाऱ्यांनी काय बोलू नये, हेही यातून उमगते. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’, ‘अमक्याचा मुलगा बघ’, ‘तुझंच काहीतरी चुकलं असेल’, ही वाक्ये गिळावीत. ‘आज काय झालं?’ असे रोज विचारू नये. आठवड्यातून एक वेळ ठरवून त्यावर बोलावे, एरवी विषय बंद. आणि झोप, भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ उडाली, दारू वाढली किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे बोल कानावर आले, तर ते ‘ताण’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना गाठावे. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र आणि विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते. काळजी करणाऱ्या वृद्धांनाही तेथे फोन करण्यास कोणतीच आडकाठी नाही.

यादी अखेर लागली. मुलाचे नाव तीत नव्हते. त्याच्या शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याचे होते. त्यामुळे आनंद करावा असे काही घरात कोणाला वाटले नाही. रविवारचे वर्ग चालू आहेत आणि पुढील वर्षी पूर्णवेळ शिकवण्याकडे वळण्याचा बेत तसाच आहे. वडिलांच्या रक्तदाबासाठी डॉक्टरांनी औषधाची मात्रा वाढवली. नुसत्या बोलण्याने रक्तदाब उतरत नसतो. रात्रीची जाग अजून अधूनमधून येते. तशी ती आली की ते उठून गॅलरीत जातात. मुलगा तेथे असला, तर दोघे थोडा वेळ उभे राहतात आणि आत येऊन झोपतात.