बांधावरच्या बाभळीचं काय?

दिवाळीत गावी गेलो तेव्हा धाकटा चुलतभाऊ बांधावर उभा राहून बाभळीचा सौदा करत होता. लाकूडवाला बुंधा कवेत घेऊन अंदाज बांधत होता. वर फांद्यांना सुगरणींची रिकामी घरटी लोंबत होती. ती काही हिशेबात नव्हती. मी जरा कुरकुरलो, तर भाऊ म्हणाला, "दादा, हिच्या सावलीत ज्वारीच्या चार ओळी खुरटतात. त्या तुम्ही भरून देणार का?"

मी गप्प बसलो. त्याचं चुकत नव्हतं.

झाड लावायला आपल्याकडं पैसे मिळतात. १९९० पासून रोजगार हमी योजनेतून फळबागा उभ्या राहिल्या, कोकणात आंबा-काजूनं कितीतरी घरांत चार पैसे आले. त्याला मी नावं ठेवणार नाही. २०१९ च्या पावसाळ्यात तर राज्यात तेहेतीस कोटी रोपांचं उद्दिष्ट होतं. पण तीस वर्षं उभं असलेलं झाड राखणाऱ्याला काय? काही नाही. त्याच्या वाट्याला येतो तो कायदा. साग, आंबा, जांभूळ यांसारखी झाडं तोडायची तर १९६४ च्या कायद्याप्रमाणं परवानगी हवी. मग शेतकरी शहाणपणानं बांधावर आपोआप उगवलेलं रोप वीतभर असतानाच उपटतो. पुढची कटकट नको!

इंग्लंडनं हा घोळ आपल्याआधी घातला. महायुद्धानंतर धान्य वाढवायचं म्हणून तिथल्या सरकारनं शेतांमधली झुडपांची कुंपणं काढायला अनुदान दिलं. पाखरं कमी झाली, आणि आता तीच कुंपणं लावायला, राखायला पैसे देतात. पण मार्च २०२५ मध्ये त्यातल्या मोठ्या योजनेनं नव्या अर्जांचं दार एकाएकी बंद केलं. झाडाचा हिशेब वीस वर्षांचा आणि सरकारचा एका अंदाजपत्रकाचा. असल्या भरवशावर कोण बाभूळ राखील?

केंद्राच्या किसान सन्मान योजनेतून वर्षाला सहा हजार मिळतात, २०२३ पासून राज्यानं आणखी सहा हजार जोडले. ते पैसे तसेच राहावेत, त्यांना नवी अट नको. वर थोडी भर मात्र घालावी : बांधावर जुनी बाभूळ, कडुनिंब, हिवर, बोर राखणाऱ्याला दर झाडामागं वर्षाला ठरावीक रक्कम, निदान पंधरा वर्षांच्या लेखी हमीनं. मोजणार कोण, असं साहेब लोक विचारतील. २०२१ पासून शेतकरी मोबाइलवर ई-पीक पाहणी करतो, त्यात बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहेच. रक्कम मात्र ज्वारीच्या त्या चार ओळींएवढी तरी हवी. पाच-पन्नास रुपयांत कुणी सावली सोसणार नाही.

भावाला हे सगळं सांगितलं. "मिळायला लागले की कळवा," म्हणाला. भाव न जमल्यामुळं बाभूळ तूर्त उभी आहे. लाकूडवाला फोन नंबर देऊन गेलाय.