शहर बरें कीं उपनगर ? चंदनसारच्या रयतेचा हिशेब

शहरांत राहणें मनुष्याच्या सुखाला हितकर कीं शहराबाहेर उपनगरांत राहणें हितकर, असा एक वाद शिकल्यासवरल्या मंडळींत नेहमीं चालतो. एक पक्ष म्हणतो, शहरांत गर्दी, धूर व घाण. उपनगरांत मोकळी हवा, झाडें व शांतता. दुसरा म्हणतो, विद्या, दवाखाने व उद्योग हें सारें शहरांत. उपनगरांत नुसती झोंप. हा वाद आरामखुर्चींत बसून करण्यास फार सोयीचा आहे, कारण तो करणाराची दोन्हीकडे घर घेण्याची ऐपत असते. ज्याला निवडीचा अधिकारच नाहीं त्याला हें विचारणें म्हणजे उपाशी माणसाला श्रीखंड आवडतें कीं बासुंदी असें पुसण्यासारखें आहे. तरी हा प्रश्न आम्ही टाकून देत नाहीं. तो आमच्या उंबरठ्यापर्यंत आलेला आहे. विरारच्या पूर्वेस चंदनसारला गांव कोठें संपतें आणि शहर कोठें सुरू होतें हें आतां ओळखूं येत नाहीं. म्हणून तेथल्याच हिशेबानें याचा निकाल पाहूं.

प्रथम उपनगर ही वस्तु मुंबईला कशी आली तें ध्यानांत घ्यावें. 1896 सालीं मुंबईंत प्लेग शिरला आणि कोंदट चाळींतलीं गरीब माणसें किड्यामुंगीसारखीं मेलीं. मग 1898 सालीं सरकारनें सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. ट्रस्टनें दादर-माटुंग्याकडे रस्ते आंखले, गटारें घातलीं, नळ नेले, आणि त्यानंतर तेथें पांढरपेशा वर्गानें हवेशीर घरें बांधलीं. गिरणीकामगाराच्या वांट्याला पुढें 1920 नंतर बी. डी. डी. चाळी आल्या. वरळी, नायगांव, आतांचा ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 इमारती, आणि एका कुटुंबाला 160 चौरस फुटांची एक खोली. एकाला उपनगर, दुसऱ्याला खोली, असा हा न्याय. पण त्यांतला क्रम विसरूं नये : आधीं गटार, मग नळ, मग रस्ता आणि शेवटीं घर. उपनगर सुखाचें झालें तें या क्रमामुळें. नुसत्या मोकळ्या हवेमुळें नव्हे. चंदनसारकडे हाच क्रम उलटा चालला. आधीं इमारत उभी राहिली, आणि गटाराचा अर्ज अजून फिरतो आहे.

विरारला आगगाडी नवी नाहीं. 12 एप्रिल 1867 रोजीं बी. बी. अँड सी. आय. कंपनीनें विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत गाडी सोडली; विजेची गाडी 1936 सालीं विरारपर्यंत आली. त्या काळीं गाडी वसई तालुक्याचा माल नेत असे. केळीं, नागवेलीचीं पानें, भाजी, मोगऱ्याचीं फुलें पाटींत घालून बायका पहांटे मुंबईचा बाजार गांठीत आणि रोकड पदरीं बांधून माघारीं येत. जमीन आपली, विहीर आपली, आणि शहर हें गिऱ्हाईक. हा सौदा बरा होता. पुढें तो उलटला. 18 जानेवारी 1982 रोजीं मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यांत सुमारें अडीच लाख कामगार होते. संप मोडला, गिरण्या बसल्या, आणि परळ-लालबागच्या खोल्या विकून कित्येक कुटुंबांनीं नालासोपारा-विरारची वाट धरली. हीं माणसें मोकळी हवा खावयास आलीं नव्हतीं. शहरानें त्यांना बाहेर लोटलें म्हणून आलीं. 1990 सालीं या भागाच्या नियोजनासाठीं सिडको नेमली गेली. 2009 सालीं चार नगरपरिषदा आणि 53 गांवें एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका झाली. गांवांनीं विरोध केला, मोर्चे काढले, कज्जे केले. 2011 च्या शिरगणतींत या शहराची वस्ती 12 लाखांच्या वर भरली.

येथें कोणी म्हणेल, मग खेड्यांतच राहिलेलें काय वाईट ? आम्ही तसें म्हणत नाहीं. खेड्याचीं गोड गाणीं गाणारे बहुधा खेडें सोडून गेलेले असतात. याच वसई तालुक्यांत आदिवासींना सावकाराच्या व जमीनदाराच्या घरीं वेठबिगार म्हणून पिढ्यान् पिढ्या राबावें लागे, आणि त्यांच्या मुक्ततेसाठीं 1982 सालीं श्रमजीवी संघटना उभी करावी लागली. तें खेडेंच होतें. डॉ. आंबेडकरांनीं घटनासमितींत 4 नोव्हेंबर 1948 रोजीं खेड्याविषयीं जे कठोर उद्गार काढले ते उगीच नव्हेत. शहराच्या गाडींत शेजारीं बसलेल्याची जात कोणी विचारीत नाहीं, हा शहराचा मोठा उपकार आहे. (गाडींतून उतरून भाड्याची खोली पाहावयास गेलें, कीं "मांसमच्छी खातां काय ?" या प्रश्नाच्या आडून तीच जात पुन्हां विचारली जाते, ही गोष्ट निराळी.) जोतीरावांनीं शेतकऱ्यांचा असूड उगारला तो खेड्यांतल्या लुटीवरच, आणि त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईंत गिरणीमजुरांची पहिली संघटना बांधली. तेव्हां शहराशीं आमचें वैर नाहीं. आमचें भांडण आहे तें शहराचा बोजा आमच्या माथीं देऊन शहराचें सुख अडवून ठेवणाऱ्या व्यवस्थेशीं.

लोखंड्यांचें नांव निघालें आहे तर एक हिशेब मांडूं. त्यांच्या खटपटीनें 1890 सालीं गिरणीमजुरांना रविवारची सुटी मिळाली. वर्षाचे 52 दिवस मजुराच्या पदरीं पडले. आतां चंदनसारच्या माणसाचा दिवस पाहा. चर्चगेट ते विरार 60 किलोमीटर. गाडींतच दीड तासाच्या आसपास जातो. घरापासून स्टेशनापर्यंतची रिक्षा, फलाटावरची वाट आणि पुढची पायपीट धरून एका बाजूचे दोन तास होतात. जातांना दोन, येतांना दोन, मिळून चार. वर्षाला कामाचे 300 दिवस धरले तर 1,200 तास. त्यास चोवीसनें भागा : 50 दिवस. लोखंड्यांनीं मिळवून दिलेला रविवार लोकलनें गिळून टाकला ! आणि हे तास बसून काढावयाचे नसतात. एका पायावर, दुसऱ्याच्या कोपरांत आपलें नाक खुपसून काढावयाचे असतात. पोरें निजलेलीं असतां बाप निघतो आणि पोरें निजल्यावर येतो. बाईला गाडीच्या आधीं स्वयंपाक व गाडीच्या नंतर धुणेंभांडी आहेतच. तिचा हिशेब कोणी मांडीतच नाहीं.

ज्याला तास गेलेले चालतात त्याचा जीवही जातो. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर 2023 या एका वर्षांत 2,590 माणसें मेलीं. विरारच्याच एका रहिवाशानें याविषयीं हायकोर्टांत अर्ज केला, तेव्हां जून 2024 मध्यें न्यायमूर्तींनीं सांगितलें कीं माणसें गुरांपेक्षां वाईट रीतीनें नेलीं जातात याची लाज वाटते. लाज वाटली हें बरें झालें. पण तिनें डबे वाढत नाहींत.

आतां घराकडे वळूं. उपनगराचें सर्वांत मोठें आमिष काय, तर "स्वतःचें घर". 26 ऑगस्ट 2025 ची रात्र, उद्यां गणेशचतुर्थी. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. विरार पूर्वेस नारंगी रस्त्याजवळ रमाबाई अपार्टमेंट नांवाच्या चार मजली इमारतीचा मागला भाग कोसळला. आंत एका वर्षाच्या मुलीचा वाढदिवस साजरा झाला होता. 17 माणसें मेलीं, त्यांत ती मुलगीही गेली. गल्ली इतकी अरुंद कीं मोठीं यंत्रें आंत नेण्यासही अडचण. इमारत 2012 च्या सुमाराची, म्हणजे तेरा वर्षांची. आमच्या आजोबांचें मातीचें घर याहून अधिक पावसाळे काढीत असे. महानगरपालिकेनें मागाहून सांगितलें कीं इमारत अनधिकृत होती. आणि ज्यांचें घर गेलें त्या कुटुंबांना तात्पुरता आसरा मिळाला तो चंदनसारच्या समाजमंदिरांत. गांवानें आपलें समाजमंदिर उघडलें, हें गांवाला शोभलें. पण बारा लाखांच्या शहराला संकटसमयीं गांवच्या समाजमंदिरापलीकडे जागा सुचूं नये, यावरून त्या शहराची तयारी कळते.

असे घर घेणारा मूर्ख असतो काय ? मुळींच नाहीं. तो मुंबईंत घर घेऊं शकत नाहीं म्हणून येथें येतो, आणि येथें त्याला कागद दाखविले जातात. 2023 सालीं विरारांत पोलिसांना खोटे शिक्के आणि खोटे बांधकाम परवाने करणारी टोळी सांपडली. त्यांवर 50 हून अधिक इमारती उभ्या केलेल्या होत्या. नालासोपाऱ्यांत मलनिस्सारण व कचरा यांसाठीं राखलेल्या जमिनीवर 41 इमारती चढल्या. हायकोर्टाच्या हुकुमानें त्या 2024-25 मध्यें पाडल्या गेल्या आणि हजारों माणसें रस्त्यावर आलीं. जागा होती गटारासाठीं, तेथें घरें. म्हणून गटारही नाहीं आणि घरही नाहीं. बांधणारा पैसे घेऊन गेला, दलाल दलाली घेऊन गेला, आणि हप्ते मात्र भाजीवाला, सुतार, शिवणकाम करणारी बाई हेच फेडीत राहिले. पूर्वीं शेटजी-भटजी खत लिहून घेत व कुळाला आंगठा उठवावयास सांगत. आतां कुळ सही करावयास शिकलें, एवढीच प्रगती.

येथें एक भ्रम मोडला पाहिजे. पुष्कळांस वाटतें कीं घरपट्टीची पावती हातीं आली म्हणजे घर कायदेशीर झालें. तसें नाहीं. अनधिकृत घरालाही पालिका घरपट्टी लावते, वर शास्ती घेते, आणि तरीही तें पाडूं शकते. विजेचें बिल, नळाचें बिल, कशानेंही घर कायम होत नाहीं. सातबारा, बिगरशेतीचा हुकूम, मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र, हे कागद पालिकेच्या व तलाठ्याच्या दप्तरांत स्वतः जाऊन पडताळावे. बिल्डरनें दिलेल्या प्रतीवर विसंबूं नये. एक दिवसाची रोजी बुडेल, बुडूं द्यावी.

पाण्याची गोष्ट थोडक्यांत सांगतों. डहाणू-विक्रमगडच्या बाजूला सूर्या नदीवर धामणीचें धरण बांधलें तें तिकडच्या, बहुतेक आदिवासी, शेतकऱ्यांच्या सिंचनासाठीं. त्याच धरणाच्या पाण्यावर दिवसाला 403 दशलक्ष लिटरची योजना आंखली. त्यांतले 185 वसई-विरारला आणि बाकीचे मीरा-भाईंदरला. चंदनसारच्या बाईनें हंडा घेऊन टँकरमागें धांवूं नये, हें आम्हांस मान्य आहे. पण तिचा हंडा भरावयाचा तो दुसऱ्या शेतकऱ्याचा पाट कोरडा करून, हें कोणाच्या सुखाचें गणित ? दोन गरिबांना एका घागरीसाठीं भांडावयास लावून तिसराच पोहण्याचे तलाव भरतो.

आणि ज्यानें जमीन विकली त्याचें काय झालें ? बापानें भाताची खाचरें गुंठ्यांवर विकलीं. दोन मजली घर झालें, गाडी आली, लग्नें वाजत गाजत झालीं. मुलगा त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीच्या दारांत पहारा करतो, किंवा तेथें टँकर पोहोंचवितो. हें सर्वांचें नव्हे, पण ज्या त्या आळींत एकदोन घरें अशीं आहेत. उरलेल्या शेतकऱ्याला आमचें स्पष्ट सांगणें आहे कीं कुलमुखत्यारपत्रावर सही करूं नये. विकावयाचीच असेल तर जमीन पुरती विकून टाकूं नये. भाऊबंदांनीं मिळून तींत आपला भाग ठेवावा.

मग शहर बरें कीं उपनगर ? आज आहे त्या स्थितींत, मजुराला व कारागिराला शहराच्या पोटांतली लहान खोली चंदनसारच्या मोठ्या खोलीपेक्षां बरी, असें आमचें मत आहे. 2025 सालीं जुन्या गिरणीकामगारांना शेलू-वांगणीकडे घरें देऊं केलीं, तेव्हां त्यांनीं आझाद मैदानावर येऊन मुंबईंतच घर द्या म्हणून सांगितलें. त्यांना हट्टी म्हणणारे पुष्कळ निघाले. म्हातारे कामगार हट्टी नव्हते. ज्या जमिनीवर त्यांचीं हाडें झिजलीं तिची किंमत त्यांना ठाऊक होती, आणि केईएमचें इस्पितळ वांगणीहून किती लांब आहे हेंही.

पण उपनगर असेंच राहिलें पाहिजे असा कांहीं नियम नाहीं. गोखिवरे, वालीव, सातिवलीच्या कारखान्यांत जाणारा चंदनसारचा कारागीर तासाभरांत कामावर पोहोंचतो. त्याची मजुरी मुंबईपेक्षां कमी असेल, भविष्यनिर्वाह निधि तर कित्येकांना नाहींच. तरी त्याचे ते 1,200 तासांतले बरेचसे तास त्याच्या घरीं राहतात. तो पोराचा अभ्यास पाहतो, संध्याकाळीं सभेला येतो. येथें कायद्यानें ठरलेली मजुरी मिळेल, मोठ्या दुखण्याला मुंबई गांठावी लागणार नाहीं असें इस्पितळ होईल, आणि भोगवट्याचा दाखला असलेलें घर मिळेल, तर त्याच्या बायकोमुलांना मुंबईची आठवणही होणार नाहीं.

महानगरपालिकेची मुदत 2020 सालीं संपली आणि पुढें पांच वर्षांहून अधिक काळ कारभार एकट्या प्रशासकाच्या हातीं होता. रमाबाई अपार्टमेंट पडलें तें त्याच काळांत. त्या वेळीं विचारावयास दारच नव्हतें. यापुढें जो नगरसेवक आळींत येईल त्याला चहा द्यावा, पण आधीं दोन गोष्टी विचाराव्या. प्रभागांतल्या धोक्याच्या इमारतींची यादी कोठें आहे, आणि त्यांतलीं कुटुंबें बाहेर काढल्यावर समाजमंदिराशिवाय दुसरीकडे कोठें ठेवणार ?