मिळकत पत्रिकेवर नाव घाला

झोपडपट्टीतल्या माणसाला त्याच्या पायाखालच्या जमिनीचा पट्टा द्या म्हटलं की हप्ते फेडणारा मध्यमवर्ग उसळून उठतो. "आम्ही पै पै साठवून घर घ्यायचं आणि यांना फुकट?" सर्वोच्च न्यायालयानेही 2000 साली अलमित्रा पटेल प्रकरणात म्हटलं होतं की अतिक्रमण करणाऱ्याला मोफत पर्यायी जागा देणं म्हणजे खिसेकापूला बक्षीस देणं. न्यायालयाचा मान राखून सांगतो, ही तुलना अन्यायाची आहे. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एकाच जागी तीन पिढ्या राहून, वीजबिल भरून, मतदान करून, शहराची धुणीभांडी, बांधकामं आणि गटारं सांभाळणारा माणूस कुणाचाही खिसा कापत नाही.

सार्वजनिक जमीन फुकापासरी कोण वापरतं, तेही एकदा उघड बोलूया. महालक्ष्मीचा रेसकोर्स सुमारे 211 एकरांचा. तो चालवणाऱ्या क्लबचा भाडेपट्टा 2013 मध्ये संपला. पट्ट्याचं नूतनीकरण झालेलं नसताना पुढची दहा-अकरा वर्षं तिथे घोडे धावत राहिले. 2024 मध्ये 120 एकर महापालिकेला देण्याचं ठरलं आणि उरलेली 91 एकर पुन्हा 30 वर्षांसाठी क्लबकडेच ठेवायची ठरली. त्या दहा वर्षांत तिथे बुलडोझर गेला नाही. झोपडीवासीयांकडे मागतात तसा 1 जानेवारी 2000 पूर्वीचा पुरावा कुणाकडे मागितला गेला नाही.

दुसरं उदाहरण गृहनिर्माण सोसायट्यांचं. सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभ्या असलेल्या सोसायट्यांना 2019 च्या नियमांनी सवलतीचं अधिमूल्य भरून भोगवटादार वर्ग 1 होण्याची, म्हणजे जवळजवळ पूर्ण मालकीची वाट मोकळी केली. मला ते पटतं. वर्षानुवर्षं राहणाऱ्याला मालक करणं हे शहाणपणाचं धोरण आहे. पण तेच धोरण नाल्यापलीकडच्या वस्तीला लावायची वेळ आली की सरकारला तिजोरी आठवते, आणि नागरिकांना कायदा.

मी कलेक्टरच्या जमिनीवरच्या वस्तीत वाढलो. वडिलांकडे 1976 च्या झोपडी गणनेचा फोटोपास होता. आईने तो लाईट बिलं, रेशनकार्ड आणि मतदार यादीच्या उताऱ्यांसकट प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवला होता. पावसाचं पाणी घरात शिरलं की आधी ती पिशवी माळ्यावर जायची, मग धान्याचा डबा. पुढे पुनर्वसनाची योजना आली आणि परिशिष्ट-2 ची, म्हणजे पात्र-अपात्रांची, यादी भिंतीवर लागली. खालच्या खोलीतले आम्ही पात्र. त्याच घराच्या माळ्यावर संसार थाटलेला माझा भाऊ यादीतच नाही, कारण माळा योजनेत धरत नाहीत. शेजारच्या काकू अपात्र. बिलावर नवऱ्याचं नाव एक, मतदार यादीत दुसरं. शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द होते : पुरावा अपुरा. काकू त्या यादीसमोर किती वेळ उभ्या होत्या ते मी पाहिलं आहे, आणि त्यासाठी या व्यवस्थेला मी माफ करणार नाही.

1995 च्या निवडणुकीत 40 लाख झोपडीवासीयांना मोफत घरं देण्याचं आश्वासन आलं आणि त्याच वर्षी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झालं. रहिवाशाच्या वाट्याला आधी 225, मग 269, आता 300 चौरस फुटांची खोली. त्या बदल्यात जमिनीचं चटईक्षेत्र विकासकाकडे गेलं. खरी किंमत जमिनीची आहे आणि ती विक्रीच्या मनोऱ्यांतून त्याच्या खिशात जाते. विकासकाने द्यायचं भाडं थकलं किंवा संक्रमण शिबिरात अडकून पडलं, तर कुटुंबाने दाद मागायची कुणाकडे? 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच सांगावं लागलं की 1971 च्या झोपडपट्टी कायद्याच्या अंमलबजावणीची उच्च न्यायालयाने झाडाझडती घ्यावी.

यापेक्षा चांगली वाट याच मुंबईत सापडली होती. 1985 पासून जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या नगरविकास प्रकल्पात वस्त्यांच्या सहकारी संस्थांना जमीन 30 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळत होती. पाणी, गटारं, संडास सरकारने सुधारायचे आणि घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधायचं. मोफत फ्लॅटच्या घोषणेने ती वाट बुजवली. ओडिशाने मात्र 2017 मध्ये झोपडीवासीयांच्या जमीनहक्काचा कायदाच केला. तिथला हक्क वारसाला जातो, गहाण ठेवता येतो, पण विकता येत नाही. विवाहितांच्या बाबतीत तो नवरा-बायको दोघांच्या नावावर असतो. ओडिशाला जमतं ते महाराष्ट्राला का जमू नये? जमिनीचा भाव मुंबईत जास्त आहे आणि त्या भावावर अनेकांचा डोळा आहे, हेच उत्तर आहे.

पट्टा मिळाला की बँका कर्ज घेऊन दारात उभ्या राहतील, असं अर्थतज्ज्ञ हर्नांडो डी सोटोपासून अनेकांनी सांगितलं. ते मी सांगणार नाही. अर्जेंटिनात ब्वेनोस आइरेसच्या हद्दीवरच्या एका वस्तीत काहींना मालकीहक्क मिळाला, काहींना कोर्टकज्ज्यामुळे मिळाला नाही. संशोधकांनी दोन्ही गट ताडून पाहिले. कर्ज फारसं वाढलं नव्हतं. पण मालकी मिळालेल्यांनी घरं पक्की केली होती आणि त्यांची मुलं अधिक शिकली होती. मला तेवढं पुरेसं आहे.

"ते पट्टा विकून दुसरीकडे झोपडी टाकतील" हा आक्षेप घेणाऱ्यांनी स्वतःचे फ्लॅट कितीदा विकले ते आठवावं. तरीही ठरावीक वर्षं विक्रीबंदी घाला, माझी हरकत नाही. डोंगरउतारावर आणि नाल्याच्या पात्रात पट्टे देऊ नका, हेही मान्य. 2000 च्या जुलैत घाटकोपरला दरड कोसळून 70 हून अधिक माणसं गेली, ती जागा कुणाच्याही नावावर करण्याची नव्हती. पण तिथल्या लोकांना जवळच जागा द्या. तानसा जलवाहिनीकाठच्या कुटुंबांना उचलून माहुलच्या रिफायनऱ्यांशेजारी टाकलं, तसं परत करू नका.

राहिली बाब पात्रतेच्या कट-ऑफ तारखेची. 1995, 2000, 2011 अशी तारीख सरकत आली आहे, आणि प्रत्येक तारखेने लाखो माणसांना पुढच्या निवडणुकीपर्यंत नेत्याच्या दारात उभं ठेवलं आहे. मला पुढची तारीख नको. येत्या अधिवेशनात कायदा आणा, वस्तीचा मोजणी नकाशा करा, माळ्यावरचं कुटुंबही मोजा, आणि मिळकत पत्रिकेवर पहिलं नाव घरातल्या बाईचं घाला.