बर्ड फ्लूचा सगळा दोष पाखरांवर ढकलू नका, जनुकांचा पुरावा वाचा

बर्ड फ्लूची बातमी आली की एक ठरलेले वाक्य ऐकू येते : "स्थलांतरित पक्ष्यांनी रोग आणला." मग पाणवठ्यावरची पाखरे हुसकावण्याची मागणी होते, कोंबड्या पुरल्या जातात आणि चर्चा संपते. आमच्या मते खरी चर्चा तिथून सुरू व्हायला हवी. परिणाम दिसला की कारण शोधावे, हे आपल्याला नवे नाही.

रानबदके आणि हंस हे इन्फ्लुएंझा ए विषाणूचे मूळ आश्रयदाते. त्यांच्या आतड्यात तो बहुधा सौम्य रूपात राहतो. मात्र दाटीवाटीने भरलेल्या कोंबड्यांच्या शेडमध्ये शिरल्यावर एच५ आणि एच७ प्रकारांत जीवघेणा बदल घडू शकतो. या विषाणूची जनुके आठ तुकड्यांत असतात. एकाच पक्ष्याला दोन विषाणूंची लागण झाली, तर तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच विषाणू जन्मतो. म्हणून शास्त्रज्ञ आठही तुकडे वाचून त्याची वंशावळ मांडतात.

ही वंशावळ काय सांगते? आज जगभर पसरलेल्या एच५एन१चा पूर्वज १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात पाळीव हंसांत सापडला. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये १८ माणसांना लागण झाली, ६ दगावली. २००५ मध्ये छिंघाय सरोवरावर हजारो रानपक्षी मेले, त्यांत पट्टकादंब हंस मोठ्या संख्येने होते. त्यांच्यातला विषाणू दक्षिण चीनच्या कोंबडीबाजारांतील विषाणूंचा जवळचा नातेवाईक निघाला. म्हणजे रोग पाळीव पक्ष्यांकडून रानपक्ष्यांकडे गेला. पुढे रानपक्ष्यांनीही तो दूरवर नेला, हेही तितकेच खरे.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात भारतातला पहिला उद्रेक नोंदला गेला. तिथला विषाणूही याच छिंघाय शाखेचा होता. पण शाखा कळली म्हणजे वाट कळली असे होत नाही. पिल्लांची ने-आण, खाद्याचे ट्रक, अंड्यांचे ट्रे, बाजार या साऱ्या वाटा तपासाव्या लागतात. एकट्या पाखराला आरोपी ठरवले की हा तपासच टळतो.

किंमत कोण मोजतो? शेडमध्ये उघड्या हातांनी मेलेल्या कोंबड्या उचलणारा मजूर आणि परसात दहा कोंबड्या पाळणारी आदिवासी, दलित बाई. भरपाई सरकारने मारलेल्या पक्ष्यांच्या मालकाला मिळते. मजुराची बुडालेली रोजी त्यात बसत नाही.

ज्ञानाचाही हाच हिशेब आहे. २००७ च्या सुमारास इंडोनेशियाने विषाणूचे नमुने देणे थांबवले. आमच्या नमुन्यांवर बनलेली लस आम्हालाच परवडणार नसेल, तर नमुने का द्यायचे, हा त्यांचा सवाल होता. त्या वादातून २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत नमुने आणि लाभ दोन्ही वाटून घेण्याची चौकट मंजूर झाली. ज्याचा नमुना त्याचाही लाभावर हक्क, हे तत्त्व गावपातळीवरही लागू व्हावे.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांनो, तीन मागण्या लावून धरा. भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेलेल्या नमुन्यांचे निष्कर्ष गावाला मराठीत कळावेत. पोल्ट्री मजुरांना हातमोजे, मास्क, तपासणी आणि बुडालेली मजुरी मिळावी. तळ्यांवरच्या पक्ष्यांची पाहणी वर्षभर व्हावी.

आणि गावात हेही सांगा : मेलेला पक्षी हाताळू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. नीट शिजवलेले अंडे-चिकन खायला हरकत नाही. अफवेने पहिला बळी जातो तो गरिबाच्या धंद्याचा.