बर्फाचा नांगर



हा अंक तुमच्या मोबाइलवर उघडेल तेव्हा सराफ्यात गराडूच्या कढया चढलेल्या असतील आणि घरोघरी रजया बाहेर निघाल्या असतील. आमच्याकडे बफेलोला हिवाळ्यात बाहेर निघतो तो प्लाऊ. मागच्या लेखानंतर दोघातिघांनी विचारलं होतं, "भिया, एवढा बर्फ पडतो तर तुम्ही घराबाहेर पडता कसे?" म्हणून आज त्याचीच गोष्ट. त्यात माझी एक चूकही आहे, तीही सांगून टाकतो.

आधी इथल्या बर्फाबद्दल. बफेलो शहर ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला सरोवराचं पाणी अजून कोमट असतं आणि वरून थंडगार वारा वाहत येतो. लांबच्या लांब पाण्यावरून येताना तो वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर पोचला की सगळी बर्फ म्हणून ओतून टाकतो. गंमत अशी की हा पट्टा अगदी अरुंद असतो. एका उपनगरात गाडी दिसेनाशी होते आणि पंधरा-वीस किलोमीटरवर ऊन पडलेलं असतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्क आणि हॅम्बर्ग या दक्षिणेकडच्या उपनगरांत काही दिवसांत साडेसहा फुटांच्या आसपास बर्फ पडला. त्याच वर्षी नाताळच्या सुमारास आलेल्या हिमवादळात या भागात चाळीसहून अधिक माणसं गेली. कित्येक ठिकाणी रुग्णवाहिका पोचूच शकल्या नाहीत. त्यामुळे इथे रस्ता मोकळा असणं ही नुसती सोय नसते.

मोठे रस्ते नगरपालिका साफ करते. घरापासून रस्त्यापर्यंतचा ड्राइव्हवे मात्र ज्याचा त्याने बघायचा. साधा हिशोब करा. २० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद ड्राइव्हवेवर ३० सेंटीमीटर बर्फ पडला, तर तो झाला ३० घनमीटर. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलो धरला तरी तीन टन भरतो. ओला असेल तर दुप्पट-तिप्पट. वर नगरपालिकेचा ट्रक रस्ता साफ करत गेला की ड्राइव्हवेच्या तोंडाशी दाबलेल्या बर्फाचा गुडघाभर बांध घालून जातो. फावड्याने तो उपसताना दर वर्षी कोणाला तरी छातीत दुखायला लागतं.

म्हणून पिकअप ट्रकच्या पुढे प्लाऊ बसवतात. नाव नांगराचं असलं तरी तो जमीन उकरत नाही, बर्फ बाजूला लोटतो. साधारण साडेसात-आठ फुटांचं वाकवलेलं पोलादी पातं, त्याच्या खालच्या कडेला झिजली की बदलायची पट्टी, आणि मागे जाड स्प्रिंगा. बर्फाखाली दडलेला दगड किंवा गटाराचं झाकण लागलं की पातं स्प्रिंगांवर पुढे झुकतं आणि अडथळ्यावरून निघून जातं. स्प्रिंगा ढिल्या असतील तर पातं उगाच झुकत राहतं, फार ताणलेल्या असतील तर दणका थेट ट्रकच्या चासीला बसतो. पातं उचलणं, डावी-उजवीकडे वळवणं ही कामं हायड्रॉलिक तेलाच्या दाबावर होतात. बॅटरीवर चालणारी मोटर पंप फिरवते आणि रबरी नळ्यांतून तेल सिलिंडरमध्ये जातं.

हे सगळं मला शिकवलं शेजारच्या आजोबांनी. त्यांनी चाळीस हिवाळे लोकांचे ड्राइव्हवे साफ केले. खांद्याचं ऑपरेशन झाल्यावर ट्रक प्लाऊसकट मला विकला. किंमत बाजारापेक्षा बरीच कमी लावली आणि अट एकच घातली, "आम्ही दोघं या घरात आहोत तोवर आमचा रस्ता आधी मोकळा करायचा." आजींना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं. पहिली पाळी, सकाळी सहाची. नेतात आजोबाच, पण गाडी रस्त्यावर यायला हवी ना! मी हो म्हटलं.

आजोबांचे नियम थोडे आहेत. वादळ थांबायची वाट बघायची नाही, पंधरा-वीस सेंटीमीटर साचला की एक फेरी मारायची. हिवाळ्याच्या पहिल्याच बर्फाला ढीग जितका मागे नेता येईल तितका न्यायचा, कारण तो गोठून दगड होतो आणि जानेवारीत नवा बर्फ टाकायला जागा उरत नाही. गॅरेजच्या दारापाशी पातं टेकवून ट्रक मागे घ्यायचा, म्हणजे दारावर बर्फ दाबला जात नाही. बर्फ रस्त्यावर लोटायचा नाही, आग विझवायच्या नळापुढे तर नाहीच नाही. वेग सायकलइतका. आणि पुढचा-मागचा गिअर बदलताना ट्रक पूर्ण थांबवायचा. प्लाऊच्या ट्रकचा गिअरबॉक्स बर्फामुळे जात नाही, चालवणाऱ्याच्या घाईमुळे जातो.

याशिवाय त्यांनी हाताने लिहून दिलेला एक कागद होता : ऑक्टोबरची कामं. तेल बदलणं, नळ्या वाकवून चिरा बघणं, विजेची जोडणी घासून ग्रीस लावणं, बॅटरी, पिना, स्प्रिंगा. पहिली दोन वर्षं मी ती इमानदारीने केली. तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात ऑफिसात मोठी रिलीज होती. प्लाऊ चढवला, वर-खाली करून पाहिला, चालला. कागद ड्रॉवरमध्येच राहिला. डिसेंबरात गॅरेजच्या फरशीवर तेलाचे चार थेंब दिसले. मी त्यावर पुठ्ठा टाकला आणि म्हटलं, बघू नंतर.

मग गेल्या जानेवारीतली ती रात्र. संध्याकाळी पट्टा आमच्यावर येऊन ठाण मांडून बसला. रात्री अकराला एक फेरी मारून झोपलो. पहाटे चारला उठलो तर पुन्हा मांडीपर्यंत बर्फ. बाहेर उणे १२ तापमान. आधी आजोबांचा ड्राइव्हवे घेतला. तोंडाशी असलेल्या बांधात पातं घातलं, डावीकडे वळवायला बटण दाबलं आणि फट्‌ असा आवाज झाला. दिव्यांच्या उजेडात पांढऱ्या बर्फावर तेलाचा फवारा दिसला. पातं ना वळे, ना उचले. ट्रक त्यांच्या ड्राइव्हवेच्या तोंडात रुतून बसला. म्हणजे जो रस्ता मोकळा करायचा, तोच मी बुजवून ठेवला होता.

घड्याळात पावणेपाच वाजले होते. आजींच्या स्वयंपाकघरातला दिवा लागलेला दिसत होता.

आजोबा कोट चढवून बाहेर आले. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "सीटमागचा डबा कुठे आहे?" त्या डब्यात त्यांनी जादा नळी, पिना, तेलाची बाटली ठेवलेली असायची. मुलीची सीट बसवताना मी तो काढून गॅरेजमध्ये ठेवला होता. कुठे, ते आठवेना. सायकल, खोकी, दिवाळीचा आकाशकंदील यांच्या मागे तो सापडायला वीस मिनिटं गेली.

मग दुरुस्ती. आजोबांनी टॉर्च धरला, मी बर्फात आडवा झालो. पात्याखाली हात घालायचा नाही, पातं जमिनीवर टेकलेलंच असावं. नळीत दाब असताना गळती हाताने चाचपायची नाही, कारण बारीक छिद्रातून सुटलेलं तेल कातडीत घुसतं. पुठ्ठा धरून बघायचं. दोन पाने लावून दोन्ही टोकांचे नट सोडवले. हातमोजे घालून नट धरता येत नाही आणि काढले तर बोटं लाकूड होतात. नवी नळी बसवली, तेल भरलं, ते कमी पडलं. आजोबांनी घरातून आणखी एक बाटली आणली. नळीत शिरलेली हवा जावी म्हणून पातं पाच-सहा वेळा डावीकडून उजवीकडे नेलं. सहा वाजून पाच मिनिटांनी ते उचललं गेलं. बांध फुटायला अजून अर्धा तास लागला. समोरचे दोघे शेजारी मध्येच फावडी घेऊन आले होते, नाहीतर आणखी उशीर झाला असता.

आजी पोचल्या तोवर त्यांची खुर्ची दुसऱ्या रुग्णाला दिली गेली होती. दुपारच्या पाळीत जागा मिळाली. डायलिसिस लांबलं की अंगात पाणी साठतं, ते फुफ्फुसांत जाऊ शकतं. पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. त्या दिवशी तसं काही झालं नाही. पण ते सहा-सात तास मी लॅपटॉपसमोर नुसता बसून होतो. संध्याकाळी आजी घरी आल्या, तेव्हा मी माफी मागायला गेलो. त्यांनी चहा दिला. आजोबांनी ती फुटलेली नळी पुसून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "वाकवून बघ." वाकवली तर बोटभर अंतरात सात-आठ चिरा. त्या एका रात्रीत पडलेल्या नव्हत्या. तीसेक डॉलरची नळी!

मी सॉफ्टवेअरचा माणूस. नवं काही बनवलं की शाबासकी मिळते, जुनं नीट चालू ठेवलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पण मला हे नवीन नव्हतं. लहानपणी बाबा दर रविवारी स्कूटर पुसायचे, प्लग काढून घासायचे, क्लचची वायर बघायचे. मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा. त्यांची स्कूटर कधी रस्त्यात बंद पडल्याचं मात्र आठवत नाही.

यंदा ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी मुलीला घेऊन कागद काढला. जुनं तेल काढलं तर ते दुधाळ झालेलं. म्हणजे त्यात पाणी शिरलेलं, कडाक्याच्या थंडीत ते गोठून पंप अडला असता. सगळ्या नळ्या बदलल्या. जोडण्या घासल्या, कारण रस्त्यावरच्या मिठाने तांबं हिरवं पडतं. मुलीने प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलने बरोबरची खूण केली. डबा पुन्हा सीटमागे गेला आणि सायकल गॅरेजच्या दुसऱ्या भिंतीला.

त्याच रात्री इंदूरला फोन केला.

"बाबा, स्वयंपाकघरातली गॅसची नळी कधी बदलली?"

"अरे, चांगली चालतेय ती."

"तिच्यावर साल छापलेलं असतं, बघा जरा."

ते चष्मा घेऊन ओट्यापाशी गेले. पलीकडे आईचा आवाज, "काय शोधताय?" मग बराच वेळ शांतता. ती नारिंगी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. आमची दोन वर्षं वर गेली होती.

"उद्याच सांगतो एजन्सीत," बाबा म्हणाले. आणि मग हळूच, "रविवारी बघायला हवं होतं मी."

तेव्हा मंडळी, बर्फ तुमच्याकडे नाही, पण नळी प्रत्येक घरात आहे. हा लेख वाचून झाला की स्वयंपाकघरात जाऊन तेवढी एकदा वाकवून बघा आणि तिच्यावरचं साल वाचा. आई-बाबांचं घर वेगळं असेल तर त्यांनाही फोन लावा.

माझ्या खिडकीतून आत्ता सरोवराकडचं आभाळ काळं दिसतंय. प्लाऊ चढवून ठेवला आहे. आजींची पाळी उद्या आहे. पुढच्या महिन्यात भेटूच.