कवचाचा खरा हिशेब

रेल्वेसुरक्षेची चर्चा संसदेत बहुधा अपघातानंतरच होते आणि किलोमीटर व कोटींच्या आकड्यांत विरून जाते. ‘कवच’ या टक्कररोधक यंत्रणेचा दरही सरकारने तसाच दिला आहे: मार्ग व स्थानकांवरील सामग्रीसाठी किलोमीटरमागे सुमारे ५० लाख, तर प्रत्येक इंजिनासाठी सुमारे ८० लाख रुपये. पण या यंत्रणेचा मेंदू सॉफ्टवेअर आहे आणि त्याची जोखीम किलोमीटरने मोजता येत नाही. ती बव्हंशी ठरते लखनौच्या मानकनगरात, ‘आरडीएसओ’मध्ये तांत्रिक निकष लिहिले जातात तेव्हा.

याचा धडा कोकण रेल्वेने पूर्वीच दिला आहे. १९९९ च्या गैसल अपघातानंतर तिने टक्कररोधक उपकरण विकसित केले. ईशान्य सीमा रेल्वेवर ते बसवलेही गेले. परंतु उपग्रहाच्या आधारे गाडीचे स्थान शोधणाऱ्या या उपकरणाला शेजारशेजारचे रूळ वेगळे ओळखणे अवघड गेले आणि देशभर त्याचा विस्तार झाला नाही. ही अडचण कारागिरीची नव्हती. मूळ गृहीतकाची होती.

‘कवच’ने रुळांवरील रेडिओ टॅगचा आधार घेऊन ती टाळली. प्रवासी गाड्यांवरील चाचण्या फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाल्या. दक्षिण मध्य रेल्वेच्या १,४६५ किलोमीटरवरील अनुभवानंतर १६ जुलै २०२४ रोजी आवृत्ती ४.० मंजूर झाली. स्थाननिश्चितीची अचूकता, मोठ्या यार्डांतील सिग्नलांची माहिती, इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगशी थेट जोडणी या तिच्यातील प्रमुख सुधारणा. अनुभवातून शिकणे योग्यच. मात्र यार्डांची गुंतागुंत नकाशावर आधीपासूनच होती. सुरक्षेच्या सर्वोच्च श्रेणीच्या प्रणालीत छोटा बदलही नव्याने तपासावा लागतो. तो जितका उशिरा, तितका महाग.

आरंभीचा अंदाज चुकणारच, असा युक्तिवाद अधिकारी करतात. तो खरा आहे. म्हणूनच एका आकड्याऐवजी किमान व कमाल मर्यादा द्यावी, न तपासलेली गृहीतके नोंदवावीत आणि परीक्षण, प्रमाणन व पुढील आवृत्त्यांचा खर्च स्वतंत्र दाखवावा. रेल्वेविषयक स्थायी समितीने अनुदानाच्या मागण्या तपासताना हे विवरण मागितले पाहिजे. ‘घर पाहावे बांधून’ ही म्हण गृहस्थाला शोभते. कोट्यवधी प्रवाशांचे प्राण ज्या यंत्रणेवर सोपवायचे, तिचा हिशेब पाया खणण्यापूर्वीच व्हायला हवा.