खरेदीखतात न आलेली पाण्याची वाट

मावळात पाण्याच्या वाटेबद्दल बोलायचं तर ते वैशाखात, ओढे कोरडे असताना. एकदा मृग लागला की बोलणं थांबतं आणि भांडण सुरू होतं. आषाढातल्या एखाद्या रात्री कुणाच्या तरी खाचराचा बांध फुटतो, सकाळी कुणीतरी टिकाव घेऊन शेजाऱ्याच्या भिंतीपाशी उभा राहतो आणि दोन-चार दिवसांत दोघंही वडगावच्या तहसील कचेरीच्या बाकावर एकमेकांकडे पाठ करून बसतात. तोवर लावणीचा हंगाम हातचा गेलेला असतो. हे टाळता येतं, आणि टाळायचे दिवस आत्ताचेच आहेत, म्हणून आजचा लेख.

मावळची जमीन उताराची आहे. डोंगराच्या पायथ्यापासून इंद्रायणी, आंद्रा नि पवनेच्या काठापर्यंत भातखाचरं पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जातात. वरच्या खाचराचं पाणी बांधाच्या खांडीतून खालच्या खाचरात, तिथून पुढच्या, असं करत ओहोळाला आणि ओहोळातून ओढ्याला मिळतं. खांड कुठे ठेवायची, किती उंचीवर ठेवायची, कधी फोडायची, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं. मृगाच्या आधी ज्याच्या बांधाला चर लागून आहे त्याने आपल्यापुरता तो उपसायचा, गाळ आपल्याच बांधावर टाकायचा. हाच खर्चाचा वाटा. तो पैशांत नव्हता, अंगमेहनतीत होता. भांडणं तेव्हाही होत, बांधकोरीवरून तर डोकी फुटत. पण भांडणारे दोघंही त्याच गावचे असत, त्यांना त्याच शिवारात राहायचं असे आणि पाणी कुठून येतं, कुठे जातं, हे दोघांनाही पाठ असे.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत शिवाराचे मालक बदलले. 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, मुंबई नि पुणे दोन्ही जवळ आली, आणि लोणावळा, कार्ला, मळवलीपासून पवनेच्या काठापर्यंत खाचरांचे प्लॉट झाले. यात कुणी गुन्हा केला असं मी म्हणणार नाही. मुलीचं लग्न, दवाखाना, पोराचं शिक्षण यासाठी जमीन विकलेली घरं मी पाहिली आहेत; आणि आयुष्यभराची पुंजी घालून डोंगराच्या कुशीत घर बांधणारी माणसंही पाहिली आहेत. घोटाळा होतो तो कागदावर. खरेदीखतात गट नंबर येतो, क्षेत्र येतं, चतुःसीमा येतात. पाण्याची वाट येत नाही. आजोबा-पणजोबांनी तोंडी पाळलेला करार जमिनीबरोबर विकला जात नाही, तो विकणाऱ्याबरोबर निघून जातो. नवा मालक आपल्या हद्दीत भराव घालतो, भिंत बांधतो आणि त्याला खरोखरच ठाऊक नसतं की त्याने एक वाट बुजवली आहे.

गेल्या पावसाळ्यात मळवलीच्या बाजूला अशाच एका भिंतीपाशी उभा होतो. भिंत सात-आठ फूट उंच, पक्की, आणि तळाशी पाणी जाण्यासाठी नऊ इंची सिमेंटची एकच नळी. नळीतून पिचकारीसारखं पाणी खालच्या खाचरात कोसळत होतं. जिथे धार पडत होती तिथे रोपं नव्हतीच. गुडघाभर खड्डा आणि त्याच्याभोवती पंख्यासारखा पसरलेला तांबडा मुरूम. खाचराचे मालक, गावात त्यांना सगळे नाना म्हणतात, मुरूम मुठीत घेऊन दाखवत होते. "साहेब, पूर्वी पाणी सगळ्या माळावरून पसरून यायचं. आता एकाच तोंडानं येतंय. ह्या मुरमात इंद्रायणीचं भात कसं यायचं, सांगा." बंगल्याचे मालक छत्री धरून शेजारीच उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "काका, भिंत माझ्या हद्दीत आहे, मोजणी करून बांधलीय. पाणी इथून जातं हे मला घेताना कुणी सांगितलं नाही." दोघंही खरं बोलत होते.

आता हिशेब बघा. एका एकरावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे चार लाख लिटर पाणी होतं. लोणावळ्याच्या पट्ट्यात भर पावसाळ्यात दिवसाला 200 मिलिमीटर पडणं नवलाचं नाही. भिंतीच्या वर चाळीस एकरांचा उतार असेल, तर त्या एका दिवसात तीन कोटी लिटरच्या वर पाणी खाली येऊ पाहतं. सरासरी सेकंदाला पावणेचारशे लिटर. निम्मं मुरलं असं धरलं तरी नऊ इंची नळीला ते झेपणारं नाही, आणि आषाढात भिजून तुडुंब झालेल्या जमिनीत निम्मं मुरतही नाही. शिवाय पाऊस सरासरीने पडत नाही, तासाभरात कोसळतो. म्हणजे नळी टाकणाऱ्याच्या मनात खोट नसली तरी भिंतीमागे पाणी तुंबणार, बाजूने वाट काढणार आणि शेजाऱ्याचा बांध घेऊन जाणार.

कायदा याबाबतीत अगदीच मुका नाही. 1882 चा ईझमेंट कायदा, म्हणजे वहिवाटीच्या हक्कांचा कायदा, सांगतो की वरच्या जमिनीवर नैसर्गिकरीत्या पडलेलं किंवा उगम पावलेलं पाणी नैसर्गिकपणे खाली वाहू देणं खालच्या मालकाला भाग आहे. त्यामुळे खालच्याला बांध घालून ते अडवता येत नाही. पण त्याच वाक्यात वरच्याचीही मर्यादा आहे. छपराचं, फरसबंदीचं, भरावाचं पाणी गोळा करून एका तोंडाने दुसऱ्याच्या पिकात सोडणं हे नैसर्गिक वाहणं नव्हे. नाना आणि बंगल्याचे मालक दोघांनीही हा कायदा पुरता वाचला, तर दोघांनाही थोडं मागे सरावं लागेल.

दुसरा कायदा मामलेदार न्यायालयाचा, 1906 चा. शेतीच्या जमिनीवरच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कुणी बेकायदा अडवला आणि त्याने पिकाचं नुकसान होत असेल किंवा होण्याचा संभव असेल, तर तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतात. वकिलाचा मोठा खर्च नाही, जागेची पाहणी होते, पंचनामा होतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. आपल्याकडे माणूस दिवाळीपर्यंत शेजारधर्म म्हणून थांबतो, मग पाहुण्यारावळ्यांच्या मध्यस्थीत शिमगा येतो आणि मुदत संपते. शेजारधर्म जरूर पाळावा, पण मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहून पाळावा.

त्याआधी गाव नकाशा बघावा. जमीन महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे खाजगी मालकीचे नसलेले ओढे-नाले आणि त्यांचे तळ सरकारच्या मालकीचे आहेत. नकाशात ओढा दाखवलेला असेल तर त्यावरचा भराव हा दोन शेजाऱ्यांचा तंटा नाहीच, ते सरळ अतिक्रमण आहे आणि ते हटवणं महसूल खात्याचं काम आहे. हे नकाशे आता महाभूनकाशावर घरबसल्या दिसतात. गोष्ट अवघड होते ती नकाशात नसलेल्या ओहोळांची, खांडींची, बांधालगतच्या चरांची. मावळातले बहुतेक तंटे तिथलेच आहेत.

आणि इथेच कायद्याची मोठी उणीव आहे. तहसीलदार अडथळा काढू शकतात. पण ज्या उतारावर आता घरं, रस्ते नि भराव झाले आहेत, तिथे नुसता अडथळा काढून भागत नाही. नवा, पुरेसा रुंद, दगडी पिचिंगचा चर ओढ्यापर्यंत न्यावा लागतो. तो कुणाच्या जमिनीतून न्यायचा आणि पैसे कुणी भरायचे, हे मामलेदार न्यायालयाचा कायदा सांगत नाही. म्हणून दावा जिंकलेला शेतकरीही पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पाण्यातच उभा असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे : ज्याचं पाणी चरात येतं, त्याने चराच्या खर्चात वाटा उचलावा. आज रीत उलटी आहे. ज्याचं खाचर बुडतं तोच चर खणतो, कारण त्यालाच गरज असते. वरचा म्हणतो, मला काही त्रास नाही, मी का भरू? त्याला त्रास नाही, कारण त्याचा त्रास खाली वाहून गेलेला आहे.

हे तत्त्व जगावेगळं नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात शेतचरांसाठी स्वतंत्र कायदाच आहे. जमीनमालकांनी अर्ज केला की अभियंता पाहणी करतो आणि खर्च वाटताना दोन गोष्टी वेगळ्या मोजतो : चरामुळे कुणाला फायदा होतो आणि चरातून कुणाच्या पाण्याला वाट मिळते. डोंगरावरचा मालक पहिल्या यादीत नसला तरी दुसऱ्या यादीत असतोच. ज्याला वाटणी पटत नाही त्याला अपिलाची सोय आहे. आपल्याकडेही मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा 1942 मध्ये झाला. योजनेचा मसुदा जाहीर करायचा, जमीनधारकांच्या हरकती ऐकायच्या आणि खर्चाचा भार कुणावर किती हे योजनेतच लिहायचं, अशी त्याची धाटणी. ती धाटणी आपण विसरलो.

कोल्हापूर जिल्ह्यातलं शिरोळ मात्र विसरलं नाही. अति पाण्याने क्षारपड झालेल्या उसाच्या जमिनी सुधारण्यासाठी तिथे दत्त साखर कारखान्याने पुढाकार घेतला, कारखान्याच्या गणपतराव पाटलांनी तो विषय लावून धरला आणि शेतकऱ्यांनी गटागटाने, कर्ज काढून, जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकले. एकट्याच्या शेतात पाइप टाकून उपयोग नसतो. पाणी नदी-ओढ्यापर्यंत न्यायला मुख्य पाइप दहा जणांच्या शेतातून जावा लागतो. त्या दहा जणांना एका बैठकीत बसवणं हेच तिथलं खरं काम होतं. शिरोळला जे कारखान्याने केलं, ते मावळात ग्रामपंचायतीला आणि तंटामुक्त समितीला करावं लागेल.

वाटणी कशी करावी, याचा एक नमुना मांडतो. समजा चराचा खर्च 2 लाख 40 हजार रुपये आहे. त्यातले 60 हजार भिंतीत मोठी मोरी काढायचे. ते भिंत बांधणाऱ्याचे, त्यात वाटणी नाही. उरले 1 लाख 80 हजार. त्यातले दोन तृतीयांश, म्हणजे 1 लाख 20 हजार, येणाऱ्या पाण्याच्या प्रमाणात वाटायचे. छप्पर नि फरसबंदीचा एक गुंठा हा मातीच्या दोन गुंठ्यांबरोबर धरायचा, कारण त्यात पाणी मुरत नाही. बंगल्याचे 20 गुंठे पक्के आणि 40 गुंठे बागेचे, म्हणजे 80 भाग. वरच्या माळाचे 60 गुंठे, 60 भाग. खालच्या दोन खाचरांचे 30-30. एकूण 200 भाग, भागाला 600 रुपये. बंगल्याचे 48 हजार, माळाचे 36 हजार, खाचरांचे 18-18 हजार. उरलेले 60 हजार ज्यांची शेतं वाचतात त्या दोन खाचरवाल्यांचे. चरासाठी ज्याची जमीन जाते त्याच्या वाट्यातून तिची किंमत वजा करायची आणि ती वरच्या दोघांवर त्याच प्रमाणात टाकायची. आकडे प्रत्येक शिवारात वेगळे येतील, प्रमाणही बसून बदलता येईल. पण एकदा असा तक्ता सगळ्यांसमोर मांडला, की माणसं एकमेकांच्या नियतीवर बोलायचं सोडून आकड्यांवर बोलू लागतात, आणि आकड्यांवरचं भांडण मिटतं.

तक्त्यानंतर कागद. चर किती फूट रुंद, किती खोल, कुठून कुठे. जमिनीची मालकी ज्याची त्याचीच राहील, सातबाऱ्यावरचं क्षेत्र कमी होणार नाही. दरवर्षी मृगाच्या आधी सफाई कुणी करायची, गाळ कुठे टाकायचा, पैसे कुणाकडे जमवायचे, हे सगळं लिहावं. तोंडी ठरलेलं आता पुरत नाही, कारण पुढचा मालक कोण असेल हे आजच्या मालकालाही माहीत नाही. स्टॅम्प पेपरवर नुसत्या सह्या करूनही थांबू नये. पाणी नेण्याचा कायमचा हक्क लिहून द्यायचा तर तो दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवावा. तरच तो पुढच्या खरेदीत शोध अहवालात दिसेल आणि नव्या मालकाला "मला कुणी सांगितलं नाही" असं म्हणायची वेळ येणार नाही. आणि यापुढे मावळात जमीन घेणाऱ्या प्रत्येकाने चतुःसीमेबरोबर एक प्रश्न विचारावा : पावसाळ्यात इथलं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं? उत्तर गावातल्या कुणाही म्हाताऱ्या माणसाला देता येतं. ते खरेदीखतात लिहून घ्यायला एक परिच्छेद पुरतो.

सरपंचांना माझी विनंती आहे. रोहिणी लागायच्या आधी, एखाद्या रविवारी, ओढ्याच्या काठावरच बैठक बोलवा. रविवार अशासाठी की मुंबई-पुण्याचे मालक तेव्हाच सापडतात, आणि काठावर अशासाठी की कचेरीत नकाशा दिसतो, उतार दिसत नाही. बंगल्याच्या राखणदाराला नव्हे, मालकाला बोलवा. नाना आणि बंगल्याचे मालक पहिल्यांदा नीट बोलले ते त्या भिंतीपाशी, भर पावसात, नुकसान झाल्यावर. तेच बोलणं कोरड्या ओढ्यात उभं राहून, टेप नि तक्ता हातात घेऊन झालं, तर एका खाचराचं भात वाचतं आणि एका घराला गावात शेजार मिळतो. मावळाला या दोन्हींची सारखीच गरज आहे.